अठरावा फर्मा

गिरिजाबाई : सकाळपासून तिसऱ्यांदा खळ शिजवून राह्यले तुम्ही. अन् रजिस्टर एक बी शिवून झालं न्हाई.

राजानंद : गुठळ्या झाल्त्या.

गिरिजाबाई : गुठळ्या कुठं हाईत ते मला ठाव हाये. भागवत निघाला का जालन्याहून?

राजानंद : निघाला. पुस्तक हातात आलं म्हणे. कुरिअरवाला म्हणला, उद्या परतूरला पाठवतो, तर यानं ऐकलं न्हाई. जिनिंगवर सुट्टी टाकली अन् सकाळच्या गाडीनं स्वतःच गेला. नऊ वर्षं थांबला, एक दिवस थांबवंना त्याच्यानं.

गिरिजाबाई : आणि गुरुजींची अर्पिता?

राजानंद : ती बी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन येऊन राह्यली.

गिरिजाबाई : म्हंजे आज त्या अंतराळयानाच्या गोष्टीचा सातवा भाग तुमच्या या टेबलावर यायचा. तुम्ही त्याची शिलाई उसवायची, सोळा सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, आणि तिघांनी पाळीपाळीनं वाचायचं. दर वेळेसारखं.

राजानंद : गुरुजींनी घालून दिलेली पद्धत हाये. पुस्तक एक, वाचणारे चार. एकाचं होईस्तवर दुसऱ्यानं कामून ताटकळावं? पहिला फर्मा माझा, कारण उसवणारा मी. मंग भागवत. मंग गुरुजी अन् अर्पिता. सगळ्यांचं झालं की मी पुन्हा शिवून कापडी बांधणी करायची.

गिरिजाबाई : मला कामून सांगता? चाळीस वर्षं झाली या घरात. मला एवढंच सांगा, पोरीला आज कळंल का न्हाई, की तो तात्या मेलेला हाये?

राजानंद : हळू बोल.

गिरिजाबाई : हळू बोलून तो काय उठून बसणार हाये? गोष्टीतला म्हातारा मरून नऊ वर्षं झाली. परतुरातच तेवढा तुम्ही त्याला जिता ठेवलाय.

राजानंद : कदाचित या भागात त्याचं नावच निघणार न्हाई.

गिरिजाबाई : ज्या माणसानं ते यान बांधलं, त्याचं नाव निघणार न्हाई? मी एक पान वाचलं न्हाई, तरी मला कळतं. तुम्ही तिघं बसून एवढं बोलता की भाकरी थापता थापता सगळं कानात शिरतं माझ्या.

राजानंद : तेव्हा गुरुजी खाटेवर होते गं. पोरगी त्यांच्या उशाला बसून मोठ्यानं वाचून दाखवायची. सहाव्या भागाचे सतरा फर्मे मी दिले. अठरावा मी रातच्याला वाचला अन् बाजूला काढून ठेवला. ती सोळा पानं मी तिच्या हातात कशी देणार होतो? घे, बापाला वाचून दाखव, बाप कसा मरतो ते?

गिरिजाबाई : त्या दिवसापुरतं बराबर होतं तुमचं. मी बी तेव्हा काही बोलले न्हाई. फर्मा चुकून रजिस्टरच्या पुठ्ठ्यात चिकटवला म्हणून सांगतलं, मनानं शेवट रचून सांगतला, चला, ठीक. पण गुरुजी गेल्यावर तोंड उघडायचं होतं.

राजानंद : गुरुजी गेल्यावर तर अजूनच जमंना. ती इथं यायची, या स्टुलावर बसायची अन् तात्या पुढच्या भागात काय करतील ते सांगायची. कसं सांगू?

गिरिजाबाई : भागवतानं नव्या पुस्तकात वाचून सांगतलं तर तुम्ही खोटे पडताल. तुम्ही सांगतलं तर निदान सांगणारे तुम्ही असताल.

राजानंद : आणि पुन्हा आलीच न्हाई तर?

गिरिजाबाई : हां. असं हाये ते.

राजानंद : अख्ख्या तालुक्यात या गोष्टीबद्दल बोलायला मला दोनच माणसं हाईत, गिरिजा.

गिरिजाबाई : ती बघा, गाडी लावून राह्यली खाली. मी चालले मोंढ्यात, ज्वारी बघायला. मी इथं असले की तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसता.

अर्पिता : काकू, कुठं निघालात? आज तरी बसा. आज सातवा भाग येणार आहे.

गिरिजाबाई : तूच बस बाई. यांना तुझ्याशी बोलायचंय.

राजानंद : ये अर्पिता. बस.

अर्पिता : बसवत न्हाई काका. भागवतदादा कुठं पोचले? मी चार वेळा फोन लावला, रेंज न्हाई म्हणतो. वर्गात आज प्रकाशाचं परावर्तन शिकवत होते, आणि फळ्यावर आरशाची आकृती काढता काढता खाली रेवाचं नाव लिहून बसले. पोरं म्हणाली, मॅडम, रेवा कोण? म्हणलं, तुमची नवीन मैत्रीण, एका यानाची कप्तान आहे. गाडी पुढंमागं तर न्हाई ना झाली?

राजानंद : वेळेवर निघाली. पाणी घे.

अर्पिता : नको. तुम्ही मुखपृष्ठ नीट बघितलं का? मी काल पाठवलं होतं ते.

राजानंद : बघितलं. वाळू हाये, अन् रेवा एकटी उभी हाये.

अर्पिता : एकटी न्हाई. मोठं करून बघा. सावल्या दोन आहेत. एक रेवाची, आणि एक तिच्या डावीकडं, जराशी वाकलेली. वाकून कोण चालतं? तात्या. सहाव्या भागात मागच्या कप्प्यातून बाहेर येताना त्यांच्या कमरेला लागलं होतं असं तुम्हीच सांगितलं होतं.

राजानंद : दोन सूर्य असले तर एकाच माणसाच्या दोन सावल्या पडतात.

अर्पिता : मला पण तेच वाटलं होतं. पण मंग लांबी वेगळी असली तरी दोन्ही ताठ पाहिजेत. मी मोजलंय. बरं, हे बघा, तक्ता पूर्ण केला रात्री. हा सहाव्या भागातला संदेश, त्या ग्रहावरून येणारा. तीन लांब ठोके, दोन आखूड, मंग थांबा. सगळ्या यानावर कुणालाच त्याचा अर्थ लागत न्हाई. बरोबर?

राजानंद : बरोबर.

अर्पिता : आता दुसऱ्या भागात जा. यान निघायच्या आधी तात्या जुना प्रक्षेपक दुरुस्त करत असतात, आणि रेवा लहान आहे, ती विचारते हे काय वाजतं. ते म्हणतात, ही आमची कामगारांची खूण, कुणी अडकलं की वाजवायची. तिथं लेखिकाबाईंनी ठोके किती ते लिहिलंच न्हाई. मुद्दाम. म्हंजे तो संदेश वाचणारा एकच माणूस यानावर आहे. त्यासाठी तर रेवा त्यांना आणायला परत गेली. तात्यांशिवाय सातवा भाग उभाच राहू शकत न्हाई.

राजानंद : अर्पिता, तात्यांचं मी तुला जे सांगतलं होतं ना...

अर्पिता : थांबा, तुमचाच फोन वाजतोय. भागवतदादा असतील. स्पीकरवर टाका.

राजानंद : हां भागवत.

भागवत : राजाभाऊ, रांजणी सुटलं. पिशवी मांडीवर हाये. समोरचा माणूस दोनदा विचारून राह्यला, काय हाये यात, सोनं हाये का?

अर्पिता : दादा, उघडलं न्हाई ना?

भागवत : बिलकुल न्हाई मॅडम. गुरुजींचा नियम हाये, उसवल्याशिवाय एक ओळ वाचायची न्हाई. फक्त वास घेतला.

अर्पिता : जाड किती आहे?

भागवत : सहाव्यापेक्षा जास्ती. वीस फर्मे तरी असतील. राजाभाऊ, अंदाज करा, असं बोटानं दाबलं तर...

राजानंद : दाबू नको. पाठ उकलंल.

भागवत : बरं बरं. मॅडम, एक गोष्ट डोक्यात येऊन राह्यली. तात्या बिगर सांगता तो संदेश ओळखत असतील आधीपासून, अन् रेवाला मुद्दाम सांगत नसतील तर? म्हंजे त्या ग्रहावर अडकलेली माणसं तात्यांच्याच वेळची...

अर्पिता : दादा, ते मी तक्त्यात तिसऱ्या रकान्यात लिहिलंय. या तुम्ही लवकर.

भागवत : गाडीला सांगा.

राजानंद : कटला.

अर्पिता : आज किती उकडून राह्यलंय इथं. काका, तुम्ही काहीतरी सांगत होतात.

राजानंद : हां. तो मोबाइलवरचा ग्रुप हाये ना, नव्या प्रकाशनवाल्यांनी आत्ता आत्ता काढलेला. त्यात तू कधी सहाव्याच्या शेवटाबद्दल बोललीस का?

अर्पिता : कशाला बोलेन? आठ दिवस झाले उघडलासुद्धा न्हाई. कुणी मुंबई-पुण्याचा आधी वाचून काही फोडून ठेवलं तर? आणि अठराव्या फर्म्याचं तुम्हीच म्हणाला होतात, ग्रुपवर मागू नको, परतूरच्या बाइंडरची चारशे लोकांत शोभा होईल. एकानं मला विचारलं सुद्धा होतं, सहावा भाग आहे का तुमच्याकडं, पाचशेच प्रती निघाल्या होत्या, मंग प्रकाशन बंद पडलं. मी म्हणाले, आहे, पूर्ण आहे. तुमच्यासाठी खोटं बोलले.

राजानंद : बोललीस खरं.

अर्पिता : लोक नऊ वर्षं चिडवतात तुम्हाला. राजानंदनं गोष्टीचं शेपूट पुठ्ठ्यात चिकटवलं. मला न्हाई आवडत. एकदाच चूक झाली माणसाची. आणि तुमचं वाचून झालं होतं म्हणून बरं, न्हाईतर बाबांना शेवट कळलाच नसता. तुम्ही खाटेपाशी बसून सांगितला होता, आठवतं? रेवा दरवाजा बंद करायचं चाक सोडून मागच्या कप्प्यात आत जाते, तात्यांना खांद्यावर घेते, आणि म्हणते, आपण दोघं मोजून पावलं टाकू. मी ती ओळ बाबांच्या फोटोच्या मागं लिहून ठेवलीय.

राजानंद : फोटोच्या मागं?

अर्पिता : हो. काय झालं? तुम्हाला बरं वाटत न्हाई का? घाम आलाय.

राजानंद : मला तुला...

अर्पिता : पुन्हा फोन. मी उचलते. हां दादा, पोचलात?

भागवत : कुठलं पोचलो. पारडगावला क्रॉसिंगला उभी केलीय, पंधरा मिनिटं झाली. राजाभाऊ हाईत का? राजाभाऊ, गुस्सा नका करू.

राजानंद : उघडलंस.

भागवत : माणसानं दम धरायचा तरी किती. पण गोष्ट वाचली न्हाई, कसम सांगतो. सुरुवातीला दोन पानं हाईत, 'आतापर्यंत' म्हणून, नवीन वाचणाऱ्यांसाठी. म्हणलं, हे तर आपलं वाचलेलंच हाये, यानं नियम कुठं मोडतो?

अर्पिता : मंग?

भागवत : मंग इथं एक अजब लिहिलंय. वाचूनच दाखवतो. 'सहाव्या भागाच्या अखेरीस मागचा कप्पा यानापासून तोडावा लागतो आणि त्यात यानाचे जुने यंत्रज्ञ, रेवाचे वडील तात्या यांचा मृत्यू होतो.'

अर्पिता : पुन्हा वाचा.

भागवत : 'आणि त्यात यानाचे जुने यंत्रज्ञ...'

अर्पिता : बस. चुकीचं आहे हे.

भागवत : एकदम गलत. मला वाटतं नवीन प्रकाशनवाल्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलंय, ज्यानं सहावा भाग वाचलाच न्हाई.

अर्पिता : नऊ वर्षांनी पुस्तक काढतात आणि पहिल्या पानावर एवढी मोठी घोडचूक. बाईंनी बघितलं नसेल का? दादा, त्या पानाचा फोटो पाठवा मला. आत्ता. ठेवते.

राजानंद : फोटो कशाला?

अर्पिता : ग्रुपवर टाकते. आज वाचक गप्प बसले तर उद्या हे काहीही छापतील. आला फोटो. हे बघा, लिहिलंय खरंच. थांबा, लिहू द्या. 'आम्ही परतूरचे वाचक पहिल्या भागापासून ही मालिका वाचतो. सातव्या भागाच्या आरंभी दिलेली हकिगत धादांत खोटी असून, सहाव्या भागाच्या शेवटी तात्या जिवंत...'

राजानंद : नको लिहू.

अर्पिता : तुम्ही भिडस्त आहात काका. '...जिवंत असतात हे ज्याने मूळ पुस्तक वाचले आहे तो कोणीही सांगेल. प्रकाशकांनी जाहीर माफी...'

राजानंद : अर्पिता, ते पाठवू नको. चारशे माणसं हसतील तुला.

अर्पिता : मला कामून हसतील?

राजानंद : पुस्तकात बरोबर लिहिलंय म्हून. तात्या मेला.

अर्पिता : कधी?

राजानंद : अठराव्या फर्म्यात.

अर्पिता : अठरावा फर्मा तर पुठ्ठ्यात गेला.

राजानंद : गेला न्हाई. पस्तीस वर्षांत एक कागद मी चुकीच्या जागी लावला न्हाई. जांबेच्या देवळातली दीडशे वर्षांची पोथी बांधलीय मी, तिचं एक पान मागंपुढं झालं न्हाई. लोक हसले, हसू दिलं. फर्मा आत हाये, लोखंडी पेटीत. मी लपवला.

अर्पिता : आणि रेवा परत जाते ते?

राजानंद : मी रचलं.

अर्पिता : मोजून पावलं टाकू?

राजानंद : ते बी माझंच.

अर्पिता : असं कसं तुमचं, काका? ती ओळ मी बाईंची समजून... तुम्ही कोण हो हे ठरवणारे?

राजानंद : कुणीच न्हाई.

अर्पिता : न्हाई, मला सांगा. नीट सांगा.

राजानंद : गुरुजी पडून होते. तू रोज माझ्याकडून फर्मा न्यायचीस अन् त्यांना वाचून दाखवायचीस. मी अठरावा वाचला तर त्यात बापच मरत होता. मला एवढंच दिसलं, की ही पोरगी हे वाक्य मोठ्यानं म्हणंल अन् तो माणूस खाटेवरून ऐकंल. मला सहन झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी तोंडाला येईल ते सांगत गेलो. गुरुजी ऐकून राह्यले होते, तू रडून राह्यली होतीस, आनंदानं. मला वाटलं, पुण्याचं काम झालं.

अर्पिता : तो दिवस कुठला होता तुम्हाला माहितीय का?

राजानंद : थंडीचे दिवस होते.

अर्पिता : बुधवार होता. मंगळवारी जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता दोनच रस्ते आहेत. घरी न्या आणि शांत राहू द्या, न्हाईतर संभाजीनगरला मशीनवर ठेवावं लागेल, पण भरवसा देत न्हाई. बाबा म्हणत होते, घरी राहू दे मला. पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी रात्रभर ठरवू शकले न्हाई. बुधवारी तुम्ही आलात.

राजानंद : हे मला ठाव नव्हतं.

अर्पिता : तुम्ही गेल्यावर मी बाबांना म्हणाले, रेवा परत जाते तर मी कशी सोडीन तुम्हाला? हसून म्हणाले होते मी. ते हसले न्हाईत. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. गुरुवारी मी अॅम्ब्युलन्स आणली.

राजानंद : पोरी...

अर्पिता : बावीस दिवस, काका. नळी ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधले होते त्यांचे. ज्या हातांनी अख्ख्या गावाला अक्षरं गिरवायला शिकवली. मला रोज पाच मिनिटं आत सोडायचे, आणि ते माझ्याकडं बघायचे. मी म्हणायची, मोजून पावलं टाकू बाबा. तुमची ओळ.

राजानंद : तू मला मारलंस तरी चालंल.

अर्पिता : ते पुस्तकामुळं गेले असं मी म्हणत न्हाई. मी कदाचित तसंही नेलं असतं. मी हट्टी आहे. पण त्या रात्री मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, की थांबलीस तरी चालेल. तुम्ही उलटं सांगितलंत. मला आणा तो फर्मा.

राजानंद : आज नको. तू या अवस्थेत...

अर्पिता : पुन्हा ठरवून राह्यले तुम्ही.

राजानंद : आणतो.

(राजानंद आत जातो आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेली सोळा पानं आणून तिच्या हातात देतो.)

अर्पिता : एक घडीसुद्धा पडू दिली न्हाई तुम्ही याला.

राजानंद : दर दिवाळीला कापड बदलत होतो.

अर्पिता : मी मोठ्यानं वाचते. तुम्ही ऐका. 'रेवानं चाकाला हात घातला तेव्हा ते आधीच फिरत होतं. तिला वाटलं, आपले हात थरथरतात म्हणून तसं जाणवतंय. मग तिनं हात उचलले आणि चाक तरीही फिरत राहिलं. कुणीतरी पलीकडून फिरवत होतं.'

राजानंद : हां.

अर्पिता : 'काचेच्या पलीकडे तात्या उभे होते. त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. दरवाजा नीट बसतोय की नाही एवढंच ते पाहत होते, कुठलंही काम करताना पाहत तसं. रेवानं काचेवर मुठी मारल्या. शेवटचा फेरा पुरा झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि तिच्याकडे पाहिलं. आवाज येत नव्हता. ओठ तेवढे हलले. आता घरी गेल्यासारखं वाटतंय मला, तू पुढचं बघ.'

राजानंद : पुढं अजून हाये.

अर्पिता : मला दिसत न्हाई पुढचं. थांबा जरा.

राजानंद : चष्मा देऊ का माझा?

अर्पिता : चष्म्यानं काय होणार, काका? हे तुम्ही वाचलं होतं. सगळं वाचलं होतं?

राजानंद : दोनदा.

अर्पिता : आणि चाक कुणी फिरवलं ते दिसलं न्हाई तुम्हाला?

राजानंद : न्हाई दिसलं. बाप गेला एवढंच दिसलं. आत्ता तू वाचलंस तेव्हा ऐकू आलं. मला वाटत होतं तिनं बापाला सोडलं, अन् ते तुझ्यापासून झाकायचं. तिनं सोडलंच न्हाई. त्यानंच बंद केला दरवाजा.

अर्पिता : बाबांना हे फार आवडलं असतं. ते म्हणाले असते, बघ, हा माणूस म्हातारा असून शहाणा आहे, माझं ऐक. आणि मी ऐकलं असतं की न्हाई मला माहीत न्हाई. पण त्यांच्या हातात काहीतरी आलं असतं मला दाखवायला. तुम्ही ते काढून घेतलंत त्यांच्याकडून. माझ्याकडून न्हाई, त्यांच्याकडून.

राजानंद : मी गुरुजींकडं शिकलो. बाराखडी त्यांनी शिकवली मला. शाळेत मागं बसायचो, त्यांनी पुढं बसवलं. त्यांच्याशीच असं केलं मी.

अर्पिता : त्यांना ते सांगू नका आता. मला सांगा.

राजानंद : तुझ्याशी बी केलं. चुकलो मी, अर्पिता. मनात चांगलं होतं असं म्हणायची बी लाज वाटते.

अर्पिता : म्हणू नका.

राजानंद : न्हाई म्हणत.

अर्पिता : फोन वाजतोय. भागवतदादा. उचला तुम्ही, मला बोलता यायचं न्हाई.

राजानंद : हां भागवत.

भागवत : राजाभाऊ, आलो. गाडीतून उतरलो, पेठेत शिरून राह्यलो. मॅडमनी ग्रुपवर टाकलं का? मी बघतोय कधीचा, काही दिसंना. मी बी खाली चार ओळी लिहितो, जोरदार.

राजानंद : काही लिहू नको. ये तू. आल्यावर मी सांगतो तुला, माझ्या तोंडानं.

भागवत : काय झालं? आवाज असा कामून तुमचा?

राजानंद : ये. अन् भागवत, पुढचं पान उलटू नको.

अर्पिता : त्यांना सांगणार तुम्ही?

राजानंद : सगळं. पेठेत ज्याला ऐकायचं त्याला बी सांगीन. तू तो ग्रुपवरचा मजकूर पुसलास का?

अर्पिता : पुसला.

राजानंद : बरं केलंस. तू थांबणार का जाणार?

अर्पिता : मला तुमचा राग आलाय, काका.

राजानंद : यायलाच पाहिजे.

अर्पिता : लवकर जाणार न्हाई तो. कदाचित जाणारच न्हाई. उद्या आले तर बोलेन तुमच्याशी, आणि परवा कदाचित न्हाई बोलणार. असं चालेल का?

राजानंद : चालंल.

अर्पिता : घरी जावं असं वाटून राह्यलंय, आणि पाय निघत न्हाई. बघा ना, नऊ वर्षांचा तक्ता रद्दी झाला. तात्या नसतील तर तो संदेश वाचणार कोण? रेवाला ती खूण त्यांनी कधी शिकवली होती का? दुसऱ्या भागात ती लहान असते, ऐकलेलं असतं तिनं, पण लक्षात राहिलं असेल का? आणि ती सावली कुणाची मंग? मला हे सगळं कुणाशी तरी बोलायचंय, आणि बोलायला कोण आहे तर तुम्ही.

राजानंद : जिन्यात भागवतचीच पावलं हाईत वाटतं. सुरी काढू का उसवायला?

अर्पिता : काढा. पण या वेळी पहिला फर्मा मी घेणार.

राजानंद : घे.

अर्पिता : माझा झाला की भागवतदादा. तुम्ही सगळ्यात शेवटी.

राजानंद : सगळ्यात शेवटी. बरोबर हाये.

अर्पिता : आणि आत कुणी जगो की मरो, पान जसं आहे तसंच मी तुमच्या हातात देईन.